चार स्पेसचा नियम आणि 'टॅब' या शब्दाचा घोळ

पुण्यातल्या बसथांब्यांची मराठी यादी सांभाळणाऱ्या या ओपन सोर्स प्रकल्पात इंडेंट (कोडच्या ओळीआधी सोडलेली जागा) चार स्पेसचा ठेवायचा, असं ठरलं आहे. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेच्या 'पेप ८' या लेखनशैलीच्या नियमावलीत हा आकडा २००१ पासून आहे. आकड्यावर फारसं कुणी अडलं नाही. वाद लांबला तो 'टॅब' या शब्दापायी.

टॅब म्हणजे कीबोर्डवरची कळ, की फाइलमध्ये साठवलं जाणारं अक्षर, की त्या अक्षराची पडद्यावरची रुंदी, की इंडेंटची नुसती एक पायरी? चारही अर्थ एकाच चर्चेत फिरत होते. कळ दाबली म्हणजे टॅबचं अक्षर पडतंच असं नाही. विम या एडिटरमध्ये एक्स्पांडटॅब ही सेटिंग चालू असेल, तर त्याच कळीने स्पेस पडतात. म्हणून "मी टॅबच वापरतो" म्हणणाऱ्याच्या फाइलमध्ये कधीकधी एकही टॅब सापडत नाही.

रुंदीचा घोळ सगळ्यात घातक. पायथन २ टॅबला आठच्या पुढच्या पटीपर्यंत सरकवत असे. समजा, इफ (अटीची ओळ) चार स्पेसवर आहे, त्याच्या आतली ओळ आठ स्पेसवर आणि पुढची ओळ एका टॅबवर. एडिटरची टॅबरुंदी चार असेल तर ती शेवटची ओळ इफच्या बाहेर दिसते; पायथन २च्या हिशेबी ती आतच असते. अट खोटी ठरली की ओळ चालत नाही आणि एररही येत नाही. २००८ साली आलेल्या पायथन ३ने अशी संदिग्ध सरमिसळ टॅबएरर देऊन बंद केली.

टॅबच्या बाजूने लिनक्स कर्नेलचे आठ रुंदीचे टॅब आणि गो भाषेचा टॅब घालणारा फॉरमॅटर गोफम्ट यांचे दाखले आले. पण खरं वजन होतं ते अंध प्रोग्रॅमर बोटांनी वाचतात त्या ब्रेल डिस्प्लेच्या मुद्द्याला. चाळीस घरांच्या डिस्प्लेवर तीन पायऱ्यांचे बारा स्पेस बारा घरं खातात. टॅबची रुंदी एक ठेवली की तीनच घरं जातात. चार स्पेसच्या नियमाने या मुद्द्याला न्याय दिलेला नाही.

मराठीने आणखी एक गाठ सोडवायला लावली. थांब्याच्या नावापुढे स्पेस भरून टिप्पण्या एका रेषेत आणायची सवय अनेकांना होती. 'स्वारगेट'मध्ये युनिकोडची आठ चिन्हं आहेत, डोळ्यांना दिसणारी अक्षरं चार. एका एडिटरमध्ये जुळवलेली रेष दुसरीकडे मोडते आणि ती सरळ करणारे कमिट (गिट या साधनात नोंदवलेले बदल) उगाच वाढतात. म्हणून इंडेंट ठेवायचा, रेष जुळवायची नाही, असं ठरलं.

जुन्या फाइल एकदम बदलल्या की गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटी कुणी बदलली ते दाखवणाऱ्या आज्ञेत) प्रत्येक ओळ फॉरमॅट करणाऱ्याच्या नावावर जाते. गिट २.२३मध्ये, २०१९ साली, असे कमिट वगळायची सोय आली. त्यासाठी आधी खुल्या पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याच्या विनंत्या) मिटवायच्या, ब्लॅक या फॉरमॅटरची आवृत्ती पक्की करायची आणि त्या कमिटमध्ये फॉरमॅटिंगखेरीज काही घालायचं नाही. त्याचा चाळीस अंकी हॅश (कमिटची ओळखखूण) वगळण्याच्या यादीत लिहायचा, पण तो मुख्य कोडमध्ये मर्ज झाल्यावरच. स्क्वॉश करून (अनेक कमिटचा एक करून) मर्ज केलं की हॅश बदलतो आणि आधी लिहिलेला निरुपयोगी ठरतो. मेक या बिल्ड साधनाच्या मेकफाइलला मात्र एडिटरकॉन्फिगमध्ये (एडिटरच्या सामाईक सेटिंगच्या फाइलमध्ये) सवलत द्यायलाच हवी: तिथे आज्ञेच्या ओळीआधी टॅबऐवजी स्पेस पडले, तर मेक 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबतो.