खिडकीचा उजेड आणि फिल्मचा दाणा : घरी ब्लॅक अँड व्हाइट पोर्ट्रेट काढून घेण्याआधी

घरच्या पोर्ट्रेटसाठी आम्ही फ्लॅश आणत नाही. एक चांगली खिडकी पुरते, ती मात्र आधी निवडायला हवी.

घरातली सर्वांत मोठी खिडकी घ्या. खुर्ची तिच्यापासून तीन-चार फुटांवर आणि चेहरा अर्धा खिडकीकडे वळलेला. फूटभर अंतरावर बसलं तर एक गाल पांढराफटक पडतो आणि दुसरा काळवंडतो. अंधाऱ्या बाजूला आम्ही पांढरं थर्माकोल धरतो. आजी-आजोबांच्या सुरकुत्या उठून दिसाव्यात असं वाटत असेल, तर तिथेच काळं कापड लावतो. ट्यूबलाइट बंद ठेवा. वरून पडणाऱ्या उजेडाने डोळ्यांच्या खोबणीत सावली साचते.

उत्तरेच्या खिडकीत ऊन येत नाही, हे युरोपात बहुतांशी खरं आहे. ठाणे 19 अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत दुपारचा सूर्यही इथे माथ्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे त्या महिन्यांत उत्तरेच्या खिडकीतही ऊन शिरतं आणि ग्रिलच्या सळया चेहऱ्यावर उमटतात. अशा वेळी खिडकीवर पातळ पांढरं सुती कापड ताणून लावा. पडदा रंगीत असला तर तो पूर्ण सरकवा, कारण तो बराच उजेड खातो. पावसाळी ढगांचा उजेड चेहऱ्यासाठी फार सुंदर असतो, फक्त कमी असतो.

कपड्यांबद्दल एक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. लाल आणि हिरवा रंग करड्यात जवळजवळ सारखेच उतरू शकतात, म्हणजे हिरव्या साडीचे लाल काठ हरवतात. त्वचा नितळ दिसावी म्हणून लाल फिल्टर लावला, तर कपाळावरचं लाल कुंकूही फिकं पडतं, कधी दिसेनासंच होतं. कुंकू ठळक हवं असेल तर आधी सांगा. आम्ही हिरवा फिल्टर लावू. त्यात डाग आणि ओठ थोडे गडद येतील.

आता दाणा, म्हणजे फिल्मवरच्या फोटोत दिसणारा बारीक खरखरीत पोत. फिल्मवर काढायचं असेल तर ट्राय-एक्स किंवा एचपी 5 प्लस वापरतो. दोन्ही फिल्म 400 आयएसओच्या (आयएसओ म्हणजे उजेडाला किती संवेदनशील, त्याचं माप). 1600 ला पुश केल्या, म्हणजे 1600 च्या समजून कमी उजेडात वापरल्या आणि जास्त वेळ डेव्हलप केल्या, की दाणा जाड होतो, पण सावलीतला तपशील जातो. काळ्या केसांच्या बटा एकसंध होतात. म्हणून गडद कपडे आणि मोकळे केस असतील तर आम्ही पुश करत नाही. डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, 20 अंश सेल्सिअसवर ठेवतो आणि धुण्याचं पाणीही त्याच तापमानाच्या जवळ आणतो. उन्हाळ्यात टाकीचं कोमट पाणी तसंच वापरलं, तर इमल्शन (फिल्मवरचा प्रकाशसंवेदी थर) फुगतं आणि दाणा खडबडीत दिसू शकतो.

डिजिटलमध्ये आयएसओ वाढवून दाणा मिळत नाही. त्याने येणारे ठिपके, म्हणजे नॉइज, सावलीत साचतात. फिल्मचा दाणा मधल्या करड्या छटांत, गालावर आणि भिंतीवर सर्वांत जास्त जाणवतो. त्यामुळे फोटो स्वच्छ काढून दाणा शेवटी घालतो, तोही प्रिंटचा आकार पक्का झाल्यावर. 8 बाय 12 इंचांसाठी फाइल 2400 बाय 3600 पिक्सेलची करून मगच. मोठ्या फाइलवर दाणा घालून नंतर ती लहान केली तर तो विरून जातो. लहान फाइल मोठी केली तर रव्यासारखा टपोरा दिसतो.

म्हणूनच बुकिंगच्या वेळीच प्रिंटचा आकार ठरवा. व्हॉट्सअ‍ॅपवर फाइल आम्ही डॉक्युमेंट म्हणूनच पाठवतो. फोटो म्हणून पुढे पाठवलीत तर कॉम्प्रेशनमध्ये दाण्याचे चौकोनी ठिपके होतात. प्रिंट मॅट कागदावर घ्या, वर लॅमिनेशन नको.