महाराष्ट्रात शूटिंग करायचंय? एक खिडकीवरचा अर्ज, पात्रता आणि कागदपत्रं

वाईजवळचा मेणवली घाट, पाचगणी, कोल्हापूर, कोकणातले किनारे... लोकेशनला आपल्याकडे तोटा नाही. पण निर्माता आधी विचारतो ते हे की परमिशन कधी हातात पडेल, कारण युनिट एक दिवस जरी रिकामं बसलं तरी हॉटेल, जेवण, जनरेटर, कॅमेऱ्याचं भाडं सगळं चालूच राहतं. तेव्हा एखाद्या भागात शूटिंग यावं असं वाटत असेल तर सुंदर फोटोंच्या ब्रोशरपेक्षा परवानगीचा घोळ कमी करणारं ऑफिस जास्त कामाचं, असं माझं ठाम मत आहे.

आपल्याकडे हे काम महाराष्ट्र फिल्म सेल बघतो. गोरेगावच्या दादासाहेब फाळके चित्रनगरीतून चालणाऱ्या महाराष्ट्र चित्रपट, रंगभूमी आणि सांस्कृतिक विकास महामंडळाच्या अंतर्गत तो येतो. एक खिडकी पोर्टलवर अर्ज केला की पोलीस, पालिका, संबंधित सरकारी खातं यांच्याकडे वेगवेगळं फिरायला लागू नये हा त्यामागचा हेतू.

अर्ज साधारणपणे निर्मिती संस्थेच्या नावाने होतो. फिल्म, सिरियल, वेब सिरीज, जाहिरात, डॉक्युमेंट्री काहीही असो, प्रकार नीट निवडा. संस्थेची नोंदणी, पॅन, जीएसटी, अधिकृत माणसाचं ओळखपत्र, निर्माता संघटनेचं पत्र, तारखा आणि वेळा, युनिटमधली माणसं किती, गाड्या आणि जनरेटर व्हॅन किती, एवढं आधीच एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा. खाजगी वाडा किंवा बंगला असेल तर मालकाची लेखी संमती हवीच, तोंडी शब्दावर जाऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ सीनच्या वर्णनावर द्या. 'हिरो हिरॉइनचा सीन' एवढं लिहिलं तर समोरचा अधिकारी काय ठरवणार? रस्ता अडवणार का, किती वेळ, आग किंवा धूर आहे का, खोटी बंदूक किंवा पोलिसांचा ड्रेस आहे का, रात्री स्पीकर लागणार का, हे सगळं सरळ लिहून टाका, म्हणजे नंतर स्पॉटवर कोणी येऊन काम थांबवायची वेळ येत नाही.

काही गोष्टींसाठी वेगळे नियम आहेत. केंद्र संरक्षित किल्ला किंवा लेणी असेल तर पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग, जंगल असेल तर वनखातं, स्टेशन किंवा गाडी असेल तर रेल्वे. ड्रोनसाठी 2021 चे ड्रोन नियम लागतात, त्या जागी ड्रोन उडवता येतो का, ते सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलवर बघून घ्या. घोडा, कुत्रा काहीही असेल तर प्राणी कल्याण मंडळाची परवानगी शूटच्या आधी घ्यायची.

आणि लहान मुलं असतील तर प्लीज हा भाग हलक्यात घेऊ नका. 14 वर्षांखालच्या मुलासाठी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे कलेक्टर ऑफिसची, परवानगी लागते, सोबत पालकांची संमती आणि मुलाच्या सुरक्षेची जबाबदारी घेणारं हमीपत्र. दिवसाला 5 तासांपेक्षा जास्त काम नाही, सलग 3 तासांच्या पुढे विश्रांतीशिवाय नाही, आणि मुलाच्या कमाईतले किमान 20 टक्के त्याच्याच नावावर राष्ट्रीयीकृत बँकेत फिक्स्ड डिपॉझिट करायचे. पोर दमलं की त्याला सांगता येत नाही, म्हणून हा नियम मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

परदेशी युनिट असेल तर रस्ता वेगळा. फिचर फिल्म आणि वेब सिरीजचा अर्ज केंद्राच्या इंडिया सिने हबवर होतो, हे ऑफिस 2015 मध्ये एनएफडीसीत, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात, फिल्म फॅसिलिटेशन ऑफिस म्हणून सुरू झालं. पटकथा, लोकेशनची यादी, युनिटचे पासपोर्ट तपशील लागतात, आणि व्हिसा फिल्मचा काढायचा, टुरिस्ट व्हिसावर शूटिंग चालत नाही. डॉक्युमेंट्री असेल तर मात्र भारतीय दूतावासामार्फत जायचं. 2023 मध्ये केंद्राने परदेशी निर्मितीला पात्र खर्चाच्या 40 टक्क्यांपर्यंत, कमाल 30 कोटी, परतावा जाहीर केला, ओळखीतला कोणी बाहेरचा निर्माता लोकेशन शोधत असेल तर त्याला हे आवर्जून सांगा. पण पैसे नंतर मिळतात आणि खर्चाचं ऑडिट होतं, सो बिलं पहिल्या दिवसापासून जपा.

शेवटचं, पॅकअपनंतर जागा साफ करून ती नीट परत मिळाल्याचं तिथल्या जबाबदार माणसाकडून लेखी घ्या, डिपॉझिट परत मागताना तोच कागद कामाला येतो.