स्नायूंना कंटाळा येतो का?

मागच्या वर्षी मी सलग तीन महिने ट्रेडमिलवर चाललो. रोज तीच 40 मिनिटं, तोच स्पीड, समोर तीच भिंत. चौथ्या महिन्यात मशीन बिघडलंय असं घरी सांगून टाकलं. मशीन ठणठणीत होतं, बिघाड माझ्यात झाला होता.

तेव्हा एका मित्राने सल्ला दिला की अरे रोज तेच ते केलं की स्नायूंना सवय होते, मग ते रिझल्ट देणं बंद करतात, त्यांना सारखं गोंधळात टाकायचं, आज हे उद्या ते. जिममध्ये याला मसल कन्फ्यूजन म्हणतात आणि शब्द इतका भारी आहे की ऐकताक्षणी पटतो. मलाही पटला. नंतर जरा खोलात वाचायला घेतलं तर वेगळंच काहीतरी निघालं.

स्नायूला कंटाळा वगैरे काही येत नाही. हातात डंबेल आहे की भरलेली बादली, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. त्याला कळतो तो ताण, किती पडला आणि किती वेळ पडला. ताण झेपेल त्यापेक्षा थोडा जास्त असला की तो पुढच्या वेळेसाठी स्वतःला जाड आणि मजबूत करून ठेवतो. 1940च्या दशकात अमेरिकन आर्मीतले डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांनी जखमी सैनिकांच्या पायातली ताकद परत आणायला हेच तत्त्व वापरलं, जड वजन, कमी वेळा, आणि जमायला लागलं की वजन वाढवायचं. आज जगातल्या प्रत्येक जिममध्ये साधारण हेच चालतं. म्हणजे माझ्या ट्रेडमिलची खरी अडचण व्यायाम तोच होता ही नव्हतीच, तीन महिन्यांत मी स्पीड एकदाही वाढवला नव्हता, चढही दिला नव्हता, मग शरीर कशाला बदलेल?

मग नवीन व्यायाम केला की दुसऱ्या दिवशी अंग इतकं दुखतं, चार आठवड्यांत ताकद वाढल्यासारखी वाटते, ते काय? ताकद वाढते हे खरं, पण सुरुवातीचे काही आठवडे त्यात स्नायूचा वाटा कमी आणि मेंदूचा जास्त असतो. स्नायूतले किती धागे एकदम कामाला लावायचे, कुठला स्नायू कधी सैल सोडायचा हे मज्जासंस्था शिकत असते. स्नायू जाड व्हायला त्याहून जास्त वेळ लागतो. आणि अंग दुखणं म्हणाल तर ते मेहनत करताना स्नायूत तयार होणाऱ्या लॅक्टिक ॲसिडमुळे असतं ही समजूत अजून जात नाही, पण व्यायाम थांबल्यावर तासाभरात ते (शरीरात ते लॅक्टेटच्या रूपात असतं) बऱ्यापैकी नेहमीच्या पातळीवर येतं आणि दुखणं मात्र एक ते तीन दिवसांनी जोरात असतं, मग त्याचा दोष याला कसा? सवय नसलेला ताण, विशेषतः लांब होत असलेल्या स्नायूवर पडलेला, धाग्यांना बारीक इजा करतो आणि त्यावर जी दुरुस्ती चालते ती दुखते. म्हणून डोंगर चढताना धाप लागते पण मांड्या धरतात त्या उतरल्यामुळे. तोच व्यायाम थोड्या दिवसांनी परत केला की तेवढं दुखत नाही. आता जो माणूस रोज व्यायाम बदलतो तो कायम या पहिल्या इयत्तेतच बसलेला असतो, रोज अंग दुखतं, रोज काहीतरी नवीन जमतं, आणि त्याला वाटतं प्रगती जोरात चाललीये.

यावर 2019 साली छापून आलेला एक छोटा प्रयोग मला फार आवडला. वजन उचलायची सवय असलेले 21 पुरुष घेतले, अर्ध्यांना ठरलेला वर्कआउट दिला आणि बाकीच्यांना दर वेळी एक ॲप कुठलेही व्यायाम निवडून द्यायचं. आठ आठवड्यांनी मोजलं तर स्नायूंची जाडी आणि ताकद दोन्ही गटांत साधारण सारखीच वाढली. फरक पडला तो उत्साहात, ॲपवाल्यांना जिमला जायची ओढ जास्त वाटत होती. 21 म्हणजे फारच थोडी माणसं, यावरून नियम काढू नये. पण माझ्या बंद पडलेल्या ट्रेडमिलचा उलगडा मला यात झाला.

मात्र शरीरात एक भाग असा आहे की ज्याला जवळपास कंटाळाच येतो असं म्हणता येईल, हाडं. हाड मेलेल्या खांबासारखं वाटतं पण ते सतत पाडापाडी आणि बांधकाम चालू असलेलं जिवंत प्रकरण आहे. जिथे ताण पडतो तिथे ते भर घालतं हे 1892 मध्ये ज्युलियस वोल्फ या जर्मन सर्जनने मांडलं होतं, टेनिसपटूंच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं ते याचमुळे. पण किती वेळा ताण दिला म्हणजे पुरे? 1984 मध्ये रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी कोंबड्यांच्या पंखातल्या हाडावर हे तपासलं. दिवसाला फक्त 36 वेळा दाब दिला तेव्हा हाड छान वाढलं, आणि 1800 वेळा दिला तेव्हा त्याहून जास्त काही मिळालं नाही! थोड्या दाबांनंतर हाडातल्या पेशी ऐकणंच बंद करतात आणि काही तास आराम मिळाला की परत ऐकायला लागतात. शिवाय त्यांना जोरात, झटकन आणि अनोळखी दिशेने आलेला ताण जास्त ऐकू येतो. त्यामुळे तासन्‌तास सायकल चालवणाऱ्यांचं हृदय दमदार असलं तरी पाठीच्या मणक्यांची हाडं कधीकधी धावणाऱ्यांपेक्षा विरळ निघतात, पोहणाऱ्यांचंही तेच, कारण पाणी आणि सीट दोघंही शरीराचं वजन स्वतःवर घेतात. त्यांनी आठवड्यातून दोनतीनदा दहावीस उड्या मारल्या, दोरीवरच्या किंवा नुसती लंगडी घातली, बॅडमिंटनसारखं इकडून तिकडे पळायला लावणारं काही खेळलं, तर हाडांना हवं ते मिळतं. ज्यांची हाडं आधीच ठिसूळ झालीत किंवा गुडघे कुरकुरतात त्यांनी मात्र उड्या मारण्याआधी डॉक्टरांना विचारा, प्लीज.

दुसरा नवेपणाचा भुकेला म्हणजे मेंदू. 2004 मध्ये जर्मनीत काही जणांना तीन महिने तीन चेंडू हवेत झेलायला शिकवलं, ज्याला जगलिंग म्हणतात ते, आणि आधी-नंतर मेंदूचे स्कॅन काढले. हलत्या वस्तूंवर नजर ठेवणाऱ्या भागातला करडा थर वाढलेला दिसला. सराव सोडल्यावर तो परत कमीही झाला, म्हणजे इथेही फुकट काही नाही. नाचाचंही असंच आहे. न्यूयॉर्कमध्ये 75च्या वरच्या 469 लोकांवर काही वर्षं लक्ष ठेवून 2003 मध्ये एक अभ्यास छापला गेला, त्यात पोहणं, सायकल, चालणं असं बरंच होतं, पण शारीरिक हालचालींपैकी स्मृतिभ्रंशाचा कमी धोका फक्त नाचाशी जोडलेला दिसला. आता यात एक गोम आहे, ज्यांचा मेंदू ठणठणीत तेच नाचायला जात असतील असंही असू शकतं. तरी नाचात स्टेप्स लक्षात ठेवायच्या, तालात राहायचं, जोडीदाराच्या पायावर पाय द्यायचा नाही आणि तोलही सांभाळायचा, इतकं सगळं एकाच वेळी ट्रेडमिलवर कोण करतं?

तोलावरून आठवलं, ब्राझीलमध्ये 51 ते 75 वयाच्या 1702 लोकांना एका पायावर 10 सेकंद उभं राहायला सांगितलं होतं, ज्यांना जमलं नाही त्यांच्यात पुढच्या काही वर्षांत मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. घाबरायचं कारण नाही, तोल हा एकूण तब्येतीचा आरसा आहे इतकंच त्यातून समजायचं. दात घासताना एका पायावर उभं राहून बघा, सोपं वाटलं तर डोळे मिटून, बेसिन धरायच्या तयारीने.

आता मजेचं. व्यायामात मजा का येत नाही यालाही शरीरशास्त्र आहे. तीव्रता वाढवत नेली की एक टप्पा येतो जिथे श्वास एकदम जड होतो, बोलताना वाक्य तुटायला लागतं. त्या रेषेच्या खाली बहुतेकांना बरं वाटतं आणि वर गेलं की जवळजवळ सगळ्यांनाच वाईट, मग गाणीही फारशी मदत करत नाहीत कारण शरीराचा आरडाओरडा गाण्यापेक्षा मोठा असतो. नवशिक्यांची रेषा खाली असते, म्हणून पहिल्याच दिवशी जोशात धावणारा तिसऱ्या दिवशी दिसत नाही. तबाता हा प्रकार हल्ली चार मिनिटांची गंमत म्हणून खपवला जातो, पण 1996च्या मूळ प्रयोगात 20 सेकंद जीव तोडून सायकल आणि 10 सेकंद थांबा असं सातआठ वेळा, पुढे पायडलच मारता येईना इथपर्यंत न्यायचे. गंमत म्हणे! त्यापेक्षा स्वीडनचे धावण्याचे प्रशिक्षक गोस्ता होल्मर यांनी 1930च्या दशकात काढलेला फार्टलेक मला माणुसकीचा वाटतो, शब्दाचा अर्थच वेगाचा खेळ. त्या झाडापर्यंत पळ, मग चाल, मग वळणापर्यंत हळू पळ, घड्याळ बघायचं नाही.

अजून एक युक्ती, हिला खर्च शून्य. 2016च्या एका प्रयोगात लोकांनी 15 मिनिटं सायकल मारली, एका गटाने सोप्याकडून अवघडाकडे आणि दुसऱ्याने अवघडाकडून सोप्याकडे. एकूण मेहनत सारखी, पण ज्यांचा शेवट सोपा झाला त्यांना तो व्यायाम आठवडाभरानंतरही छान आठवत होता. आपण बरोब्बर उलटं करतो, शेवटी दात ओठ खाऊन अजून पाच, अजून पाच, आणि उद्यासाठी तीच आठवण घरी घेऊन जातो.

जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम किंवा त्याच्या निम्मी जोरदार हालचाल सांगते, दोन दिवस ताकदीचे व्यायाम, आणि 65च्या पुढे तीन दिवस तोलाचे. कुठले, ते सांगत नाही, आणि तिथेच आपल्याला खेळायला जागा मिळते. मी सध्या असं करतो की स्क्वॉट, पुशअप आणि ओढायचा एक व्यायाम हे तीन पक्के, आठवड्याला दोनदा, वहीत आकडे लिहून वाढवत नेतो कारण स्नायूला तेच हवंय. बाकी दिवशी फासा टाकतो. एक आला तर दोरी, दोन आला तर नाच (दार बंद करून), तीन आला तर जिने, चार म्हणजे फार्टलेक, पाच म्हणजे बॅडमिंटन कोणी मिळालं तर. सहा आला की जगलिंग. तीन चेंडू अजून जमत नाहीत, दर पाच सेकंदांनी एक पलंगाखाली जातो आणि तो काढायला खाली बसून उठावं लागतं, ते मी स्क्वॉटमध्ये धरतो.