रूट सर्व्हर कमिटीच्या कॉकससाठी अर्ज: कुणी करायचा, काय लागतं आणि कुठे अडतं

पहिली गोष्ट, कारण बरेच जण इथेच चुकतात. आरएसएसएसी वेगळी आणि तिचा कॉकस वेगळा. आरएसएसएसी (रूट सर्व्हर सिस्टिम ॲडव्हायझरी कमिटी) ही आयकॅनला, म्हणजे इंटरनेटवरच्या नावांचा आणि पत्त्यांचा ताळमेळ ठेवणाऱ्या संस्थेला, रूट सर्व्हरबद्दल (डोमेन नावाचा शोध जिथून सुरू होतो ते सर्व्हर) सल्ला देणारी कमिटी, तिच्यात रूट सर्व्हर चालवणाऱ्या १२ संस्था आपापला एक प्रतिनिधी आणि एक पर्यायी माणूस पाठवतात, शिवाय काही लायझन, म्हणजे इतर गटांशी दुवा ठेवणारी माणसं, असतात (रूट सर्व्हरची ए ते एम नावं १३, पण ए आणि जे दोन्ही व्हेरिसाइन कंपनीकडे, म्हणून संस्था १२). तिथे बाहेरून अर्ज चालत नाही. आपल्यासाठी दार उघडं आहे ते कॉकसचं, म्हणजे कमिटीसाठी कागद लिहिणाऱ्या जाणकारांच्या गटाचं.

कॉकसमध्ये माणूस स्वतःच्या नावाने येतो, कंपनी म्हणून नाही. डीएनएसचं (डोमेन नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) खरं काम केलेलं असावं, डिग्री नसली म्हणून घाबरू नका. पगार, मानधन काही नाही.

कागद एकच, स्टेटमेंट ऑफ इंटरेस्ट, आणि घोळ त्यातच होतो. लोक नुसता बायोडेटा चिकटवतात. यात विचारलेलं असतं की तुम्ही कुठे काम करता, अनुभव काय, कुठल्या कामात हातभार लावणार, किती वेळ देणार आणि या विषयात तुमचे आर्थिक हितसंबंध आहेत का. 'मला इंटरनेट गव्हर्नन्समध्ये रस आहे' एवढंच लिहू नका हो, मोजमाप, एनीकास्ट (एकच पत्ता अनेक ठिकाणांहून चालवणं), रिझॉल्व्हर (वापरणाऱ्यासाठी नावाचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर) यातलं नेमकं काय येतं ते लिहा. आणि हे स्टेटमेंट जाहीर होतं! म्हणून ऑफिसला आधी विचारा, घरचा पत्ता-फोन टाकू नका, हितसंबंध मात्र लपवू नका.

मग मेलने पाठवायचं, मेंबरशिप कमिटी बघते, निर्णय आरएसएसएसी घेते.

आत गेल्यावर वर्क पार्टीत, म्हणजे एकेका विषयाच्या छोट्या गटात, बसून कागद लिहायचे असतात, ते आयकॅन बोर्डाकडे सल्ला म्हणून जातात. रूट झोनमधे (.com, .in अशा सगळ्यात वरच्या नावांची यादी) कुठलं नाव असावं हे इथे ठरत नाही, ती विनंती आयानाकडे, म्हणजे ही यादी सांभाळणाऱ्यांकडे, जाते, त्यामुळे डोमेनची तक्रार घेऊन इथे येऊन वेळ घालवू नका.

'आमच्या संस्थेला नवीन लेटर हवंय', म्हणजे ए ते एम सारखं स्वतःचं रूट सर्व्हर अक्षर, असंही लोक विचारतात. त्यासाठी फॉर्मच नाही. ऑपरेटर नेमायचा कसा, काढायचा कसा याचं मॉडेल आरएसएसएसी०३७ या कागदात २०१८ ला मांडलं, २०२० मध्ये त्यावर वर्किंग ग्रुप बसवला, आणि सगळं जग ज्यावर चालतं त्या गोष्टीला इतका वेळ लागावा याचा मला खरंच राग येतो.

तुम्हाला फक्त आपल्या नेटवर्कमध्ये रूट जवळ हवा असेल तर लेटर लागतच नाही. काही ऑपरेटर आपला इन्स्टन्स (त्याच रूट सर्व्हरची आणखी एक प्रत) दुसऱ्यांच्या नेटवर्कमध्ये बसवतात, त्यांच्याकडे थेट विचारा. आणि आरएफसी ८८०६ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजाप्रमाणे रूट झोनची कॉपी स्वतःच्या रिझॉल्व्हरवर ठेवायची तर कुणाची परवानगी लागत नाही, फक्त ती ताजी राहतेय ना आणि शिळी झाली तर खऱ्या रूटकडे विचारणा जातेय ना, हे नक्की तपासा.