वारा सरतोय, तरी आतडं अडकलेलं

डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढताना पोटातला दाब वाढतो आणि जांघेतली जुनी गाठ बाहेर येते. संध्याकाळी आडवं झालं की बहुतेकदा आत जाते. एखाद्या दिवशी जात नाही, दुखते. तरीही संडास साफ, वारा सरतोय, म्हणून घरात ठरतं, ‘मिरजेला उद्या जाऊ.’

इथेच रिख्टर प्रकारचा अंतर्गळ, म्हणजे हर्निया, फसवतो. जर्मन शल्यचिकित्सक ऑगस्ट रिख्टर यांनी 1778 मध्ये त्याचं वर्णन केलं. यात आतड्याचा पूर्ण वेढा अडकत नाही. भिंतीचा फक्त चिमटा फटीत सापडतो, तोही बहुधा लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, रक्तवाहिन्या शिरतात त्याच्या विरुद्ध कडेचा. घेराचा दोन तृतीयांशाहून कमी भाग अडकला असेल तर अन्न पुढे सरकत राहतं. उलटी नाही, पोटफुगी नाही. चिमट्यातला भाग मात्र रक्ताविना काळा पडून फुटतो.

मांडीच्या मुळाशी होणाऱ्या अंतर्गळात हे जास्त दिसतं, कारण तिथली फट अरुंद आणि कडा ताठ. हा अंतर्गळ बायकांत अधिक, आणि गाठ सुपारीएवढी असली तर त्या ती दाखवतही नाहीत. पुढे कातडी लाल, गरम होते. गळू समजून चीर दिली, तर पुवामागून विष्ठा येते.

दुखरी, लाल गाठ चोळून आत ढकलू नये. कधी अंतर्गळाची अरुंद मानेची पिशवीच आतड्यासकट आत सरकते. गाठ दिसेनाशी होते, फास तसाच राहतो.

भूल दिल्यावर स्नायू सैल पडून अडकलेला भाग आपोआप पोटात निसटतो, तेव्हा सर्जनला तो शोधून पाहावाच लागतो. कोमट सलाईनच्या कापडात काही मिनिटं गुंडाळून रंग आणि हालचाल परत येते का, हे पाहतात. न आल्यास तेवढा तुकडा कापून टोकं जोडतात. विष्ठा सांडली असेल तर फटीवर आधाराची जाळी बसवणं सहसा टाळतात, जंतुसंसर्गाच्या भीतीनं.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरही पोटाला पाडलेल्या छिद्रात हा चिमटा बसू शकतो. म्हणून 10 मिलिमीटर किंवा त्याहून मोठ्या छिद्राचा आतला स्नायूपडदा टाक्यानं बंद करतात; नुसती कातडी शिवून भागत नाही.