कधीच मोठी न होणारी मुलं (कथासाहित्यातली)

गोष्टीतलं मूल वर्षानुवर्षं त्याच वयाचं राहतं आणि वाचणारा मात्र मोठा होऊन नोकरीला लागतो, हे सगळ्यांच्या ओळखीचं आहे. याचे ढोबळमानाने दोन प्रकार. एकात मोठं न होणं हाच गोष्टीचा विषय असतो (इंग्रजी गोष्टीतला उडणारा पीटर पॅन), दुसऱ्यात त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही, कॅलेंडर बदलत जातं आणि पोरगं तिथंच (चिंटू, अमेरिकन टीव्ही कार्टूनमधला बार्ट सिम्पसन). दोन्ही एकाच खात्यात टाकायची सवय आहे, पण दुसरा प्रकार बराचसा रोजच्या किंवा दर हप्त्याच्या छपाईतून आलाय, त्यात जादूबिदू काही नाही.

पीटर पॅन आला कुठून यावर मात्र बरंच लिहिलं गेलंय. स्कॉटिश लेखक जे. एम. बॅरीच्या १९०२ च्या ‘द लिटल व्हाइट बर्ड’मध्ये तो पहिल्यांदा येतो, तेव्हा तो चक्क सात दिवसांचं तान्हं बाळ आहे, खिडकीतून उडून लंडनच्या केन्सिंग्टन गार्डन्समध्ये गेलेलं. २७ डिसेंबर १९०४ ला नाटक रंगमंचावर आलं त्यात तो मुलगा झाला, आणि १९११ च्या कादंबरीत त्याचे सगळे दुधाचे दात शाबूत आहेत, म्हणजे वय फार तर पाच-सहा धरता येईल. एक मत असं की याचं मूळ बॅरीचा थोरला भाऊ डेव्हिड. १८६७ च्या जानेवारीत, चौदावा वाढदिवस तोंडावर असताना, तो बर्फावर स्केटिंगच्या अपघातात गेला. छोटा बॅरी त्याचे कपडे घालून, त्याच्यासारखी शिट्टी मारत आईसमोर उभा राहिला, हे त्याने स्वतःच आईच्या चरित्रात (१८९६) लिहून ठेवलंय. दुसरं मत ल्युएलिन डेव्हिस कुटुंबातल्या पाच भावांकडे बोट दाखवतं. त्यातल्या थोरल्या दोघांशी बॅरीची ओळख १८९७ च्या सुमारास त्याच बागेत झाली, त्यांच्या तान्ह्या भावाबद्दल (त्याचंही नाव पीटर) तो त्यांना उडणाऱ्या बाळांच्या गोष्टी सांगायचा, आणि १९०१ च्या उन्हाळ्यात सरे परगण्यात ब्लॅक लेकवर चाच्यांचा खेळ रंगला, त्याचं फोटोंचं पुस्तक निघालं, प्रती फक्त दोन, आणि त्यातली एक मुलांच्या वडिलांनी ट्रेनमध्ये हरवली! डेव्हिडची गोष्ट मनाला जास्त चटका लावते म्हणून ती जास्त सांगितली जाते, पण तेरा वर्षांच्या मुलापासून सात दिवसांचं बाळ कसं निघालं हे ती सांगत नाही, शिवाय पीटरच्या गोष्टीतलं बेट आणि चाचे सरळसरळ ब्लॅक लेकचे दिसतात. बॅरीनेही छापील नाटकाच्या १९२८ च्या अर्पणपत्रिकेत श्रेय पाच भावांनाच दिलंय. भावामुळे कल्पना आणि या मुलांमुळे कॅरेक्टर, असं धरणं त्यातल्या त्यात बरं.

कॉमिक स्ट्रिपमध्ये वय थांबणं हाच नियम, वाढणारी मुलं अपवाद. ‘पीनट्स’ १९५० ते २००० अशी पन्नास वर्षं चालली आणि चार्ली ब्राउन सुरुवातीला थोडासा वाढला, मग शाळकरीच राहिला. उलट फ्रँक किंगच्या ‘गॅसोलिन ॲली’त (१९१८ पासून) १४ फेब्रुवारी १९२१ ला नायक वॉल्टच्या दारात एक बाळ सापडतं. बायकांनाही स्ट्रिप आवडावी म्हणून संपादकांना बाळ हवं होतं आणि वॉल्ट तर ब्रह्मचारी, म्हणून ही युक्ती. हा स्कीझिक्स मग रिअल टाइममध्ये वाढला, दुसऱ्या महायुद्धात सैन्यात गेला, लग्न केलं. लिन जॉन्स्टनच्या ‘फॉर बेटर ऑर फॉर वर्स’मध्येही (१९७९) मुलं वाढली, आणि मुलं वाढली म्हणजे कुत्राही म्हातारा होणारच, तो १९९५ मध्ये मेला.

मराठीत चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ २१ नोव्हेंबर १९९१ ला ‘सकाळ’मध्ये आला. तेव्हा आठ वर्षांचे असलेले वाचक आता चाळिशी ओलांडून गेलेत, चिंटू, पप्पू, मिनी आहेत तिथंच. ‘श्यामची आई’तला श्याम मात्र मोठा होऊन मग लहानपण सांगतो, त्यामुळे तो सुरुवातीच्या दोन्ही प्रकारांत बसत नाही. भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा बनेश उर्फ फास्टर फेणे पुस्तकांमागून पुस्तकं सायकल दामटत ‘ट्टॉक’ करत शाळकरीच राहिला. १९८७ च्या दूरदर्शन मालिकेत (सुमीत राघवन) तो पोरगाच होता, २०१७ च्या सिनेमात मात्र अमेय वाघने केलेला फेणे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला पुण्यात येतो, आणि तिथं त्याला भेटणारे भागवत आजोबा दिलीप प्रभावळकरांनी केलेत.