कुमारवयीन पहिल्या प्रेमाचा चित्रपट

बालपण सरलेल्या, पण प्रौढत्व न गाठलेल्या मुलामुलींच्या पहिल्या प्रेमानुभवाभोवती रचलेला आणि बहुधा मोठ्या निर्मितिसंस्थांच्या बाहेर, अल्प भांडवलात तयार झालेला चित्रपट. ‘कमिंग ऑफ एज’ (वयात येण्याच्या कथा) या व्यापक प्रकाराची ही शाखा होय. रूढ प्रेमपटाचे कथानक मीलन होते की नाही यावर उभे असते. येथे प्रेम जुळो वा न जुळो, त्यातून पात्राला स्वतःची व भोवतालच्या जगाची कोणती ओळख पटते, हे महत्त्वाचे.

उगम : या प्रकाराचे मूळ जर्मन ‘बिल्डुंग्सरोमान’मध्ये, म्हणजे व्यक्तीच्या घडणीच्या कादंबरीत, शोधण्याचा प्रघात आहे. ही संज्ञा जर्मन तत्त्वज्ञ व्हिल्हेल्म डिल्टाय याने धर्मशास्त्रज्ञ श्लायरमाखरच्या चरित्रात (१८७०) वापरली व पुढे रूढ केली, म्हणून तिचे जनकत्व दीर्घकाळ त्याच्याकडेच दिले जाई. १९६१ मध्ये साहित्याभ्यासक फ्रिट्झ मार्टिनी याने डोर्पाट (आजचे एस्टोनियातील तार्तू) येथील प्राध्यापक कार्ल मोर्गेनस्टेर्न याच्या व्याख्यानांकडे लक्ष वेधले. त्यांपैकी प्रसिद्ध व्याख्यान १८१९-२० च्या सुमाराचे असल्याने संज्ञेचा उगम आता निदान तेवढा मागे नेला जातो. आदर्श नमुना म्हणून जर्मन साहित्यिक गटेच्या ‘व्हिल्हेल्म माइस्टर’ या कादंबरीचा (१७९५-९६) दाखला देतात. मात्र तेथे प्रेम हा घडणीच्या अनेक टप्प्यांपैकी एक असून नायकाला अखेर समाजात स्थान मिळते. प्रस्तुत चित्रपटांतील मुले बहुधा अधांतरीच राहतात. विषयसाम्य पाहता लाँगसची ग्रीक गद्यकथा ‘डॅफ्निस आणि क्लोई’ अधिक जवळची. तिचा काळ साधारणतः इ. स. दुसरे शतक, क्वचित तिसऱ्याचा आरंभ, असा धरतात. तिच्यातील पंधरा व तेरा वर्षांच्या गुराख्यांना आपल्याला काय होते आहे हेच कळत नाही. तरीही हा धागा चित्रपटापर्यंत थेट आणणे अवघड आहे. साहित्यातील वंशावळीपेक्षा चित्रीकरणाच्या साधनांतील बदल हे कारण अधिक पटण्याजोगे आहे.

तंत्र : मॉरिस एंगेल, रूथ ऑर्किन व रे अ‍ॅशली यांच्या ‘लिटल फ्युजिटिव्ह’चा (१९५३) विषय प्रेम नव्हे, सात वर्षांच्या मुलाची न्यूयॉर्कमधील कोनी आयलंडवरील भटकंती आहे. पण त्यासाठी खास बनवलेला आटोपशीर ३५ मिमी. कॅमेरा खांद्याला अडकवून गर्दीत कोणाच्या नकळत वापरता येई. ध्वनी मागाहून भरला गेला. कॅमेऱ्यापुढे न बुजणारे मूल पडद्यावर आणण्याची वाट अशी खुली झाली आणि फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो याने आपल्या पिढीवरील हे ऋण जाहीरपणे मान्य केले. त्याच्या ‘अँत्वान आणि कोलेत’ (१९६२) या लघुपटात हा प्रकार पूर्णपणे हाती आलेला दिसतो. प्रेमात पडलेला अँत्वान कोलेतच्या घरासमोरच बिऱ्हाड करतो, तिच्या आईवडिलांचा लाडका होतो. एका संध्याकाळी जेवणानंतर दुसराच तरुण येतो, कोलेत त्याच्यासोबत निघून जाते आणि अँत्वान तिच्या आईवडिलांशेजारी टीव्ही पाहत बसतो. रडणे नाही, भांडण नाही. प्रेमभंगाचे इतके नेमके चित्रण या प्रकारात विरळाच.

अभिनेते : मोठ्या स्टुडिओंच्या चित्रपटांत शाळकरी भूमिका विशीतल्या नटांना देण्याची चाल होती. स्वतंत्र दिग्दर्शकांनी प्रत्यक्ष त्या वयाची मुले घेतली. त्यांचा फुटणारा आवाज, वाढत्या अंगाचा अवघडलेपणा हाच अभिनयाचा ऐवज ठरला. रॉय अँडरसनचा ‘अ स्वीडिश लव्ह स्टोरी’ (१९७०) हे याचे ठळक उदाहरण. बिल फोर्सिथने ‘ग्रेगरीज गर्ल’साठी (१९८१) ग्लासगोच्या युवा नाट्यसंस्थेतील मुले निवडली, अमेरिकेतील प्रदर्शनासाठी त्यांचे स्कॉटिश उच्चार सौम्य करून संवाद पुन्हा ध्वनिमुद्रित करण्यात आले. कलाकृतीचे त्यात नुकसानच झाले, कारण त्या बोलीतच त्या मुलांचा संकोच मुरलेला आहे.

नंतरचा विस्तार : लुकास मूडिसनच्या ‘शो मी लव्ह’ने (१९९८) दोन मुलींमधील प्रेम या चौकटीत आणले. मराठीत सुजय डहाके यांचा ‘शाळा’ (२०११) हा मिलिंद बोकील यांच्या कादंबरीवर आधारित असून आणीबाणीच्या काळात घडतो. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) जब्याला वर्गातल्या शालूच्या देखत डुकरे पकडण्याचे काम करावे लागते, पहिले प्रेम येथे जातिवास्तवाशी समोरासमोर येते. दिग्दर्शकाच्या सर्वोत्कृष्ट पदार्पणासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार त्यास मिळाला.